शिक्षकाची उमेदवारी

निवडणुकीचा मोसम आला की कोठल्या ना कोठल्या गावी एखाद्या शिक्षकाचे नाव पुढे येतेच. ज्याने वीस-पंचवीस वर्षे गावातील मुलांना गणित अगर मराठी शिकविले, ज्याच्या हाताखालून बापही गेला आणि आता मुलगाही जात आहे, असा मनुष्य नगरपालिकेसाठी किंवा विधानसभेसाठी उभा राहणार असे कानावर येताच गावात दोन प्रकारचे उद्गार निघतात. कित्येक म्हणतात, "बरे झाले, निदान एक तरी शिकलेला आणि स्वच्छ मनुष्य तेथे जाईल." दुसरे कित्येक हळहळतात, "गुरुजींनी या चिखलात पाय का घालावा?" दोन्ही उद्गारांच्या मुळाशी आदरच असतो, आणि म्हणून दोन्ही ऐकावयास बरे वाटतात. परंतु आदरापोटी निघालेला उद्गार आणि विचार करून दिलेले उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षकाने लोकांकडे मत मागावयास जाणे उचित आहे काय, आणि असल्यास कोणत्या कारणासाठी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्या घरांतून शिक्षक निर्माण होतात आणि ज्या घरांतील मुले त्यांच्या हाती सोपविली जातात, त्या घरांनी तरी त्याचा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू, कारण तिच्यातच हा प्रश्न किती अवघड आहे हे उघड होते. जिल्हा परिषदेच्या अगर सरकारी शाळेतील शिक्षकास सेवेत असताना निवडणूक लढविता येत नाही. उभे राहावयाचे तर आधी राजीनामा द्यावा लागतो. पण निवडणूक पार पाडण्याचे काम मात्र पुष्कळ अंशी त्याच्याच खांद्यावर असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकास शिक्षणेतर कामांतून मुक्त केले, त्यातही दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक ही तीन कामे वगळली. म्हणजे मतदाराच्या बोटास शाई लावावयाची, यंत्रे मोहोरबंद करावयाची आणि रात्री उशिरा ती पोहोचवून घरी परतावयाचे, एवढा लोकशाहीशी त्याचा संबंध कायद्याने मान्य केला आहे.

दुसऱ्या बाजूस राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने विधान परिषदेतील एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यावयाच्या म्हणून राखून ठेवल्या. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतील ७८ जागांपैकी ७ जागा अशा आहेत. पण त्यांतही मत देण्याचा अधिकार माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थेत किमान तीन वर्षे शिकविणाऱ्यांनाच आहे. ज्याने मुलास पहिले अक्षर गिरवावयास लाविले, तो प्राथमिक शिक्षक या मतदारसंघाच्या बाहेर राहिला. निवडून येणारा प्रतिनिधी स्वतः शिक्षक असलाच पाहिजे, अशीही अट घटनेने घातलेली नाही. एकाच राज्यात एका शिक्षकास उमेदवारी निषिद्ध आणि दुसऱ्यासाठी सभागृहात राखीव आसन, ही विसंगती म्हणजे केवळ कायदा करणाऱ्यांचा घोटाळा नव्हे. शिक्षकाविषयी समाजाच्याच मनात दोन परस्परविरुद्ध अपेक्षा नांदत आहेत. कायद्याने त्या जशाच्या तशा उतरवून घेतल्या एवढेच.

आता चिखलाचा आक्षेप घेऊ. राजकारण घाणेरडे आहे आणि शिक्षक निर्मळ आहे, म्हणून त्याने तेथे जाऊ नये, असे म्हणणारे शिक्षकाचा गौरव करतात खरा; पण हा गौरव काचेच्या कपाटातील मूर्तीचा आहे. ज्याने आयुष्यभर चाळीस-पन्नास मुलांचे तंटे सोडविले, वर्गणीचे हिशोब ठेविले, संस्थाचालकांची मर्जी आणि पालकांची तक्रार यांतून वाट काढिली, त्यास मनुष्यस्वभावाची ओळख नसते असे मानणे बालिशपणाचे आहे. शिवाय, सज्जनांनी दूर राहावे असे सांगून पुन्हा सार्वजनिक कामात सज्जन नाहीत म्हणून रडावे, यात सुसंगती नाही. तेव्हा हा आक्षेप लोकांच्या तोंडी फार असला तरी त्यात बळ थोडे आहे.

बळकट आक्षेप निराळाच आहे, आणि तो सहसा कोणी उच्चारीत नाही. शिक्षकाचे गावात जे वजन असते ते कशाचे? त्याच्याजवळ धन नसते, अधिकार म्हणावा तर वर्गाच्या चार भिंतींपुरता. विद्वत्ताही बहुधा बेताचीच असते. त्याचे वजन एवढ्याचे असते की, आपण त्याच्यापाशी जातो तेव्हा त्यास आपल्याकडून काही नको असते. दुकानदारास गिऱ्हाईक हवे असते, वकिलास पक्षकार हवा असतो, पुढाऱ्यास मत हवे असते. "तुमच्या मुलाचे गणित कच्चे आहे" हे सांगण्यात शिक्षकाचा मात्र कसलाही लाभ नसतो. म्हणूनच ते कटु असले तरी आपण ऐकून घेतो. तो उमेदवार झाला की हा संबंध पालटतो. काल जो आपणास सांगत होता तो आज आपणाकडे मागत असतो, आणि मागणाऱ्याचे बोलणे आपण वेगळ्या कानांनी ऐकतो.

पालकाच्या बाजूने पाहिले म्हणजे हा पालट अधिकच खुपतो. मुलाची परीक्षा ज्याच्या हाती आहे, तो दाराशी येऊन मत मागू लागला, तर बापाने नकार कसा द्यावा? शिक्षक कितीही सरळ असो, नकार दिल्यास मुलावर राग निघेल ही शंका त्या बापाच्या मनात येणारच. आणि त्या घरातील मूल दुसऱ्या दिवशी वर्गात बसेल तेव्हा आपला बाप गुरुजींच्या विरुद्ध पक्षाचा आहे हे त्याच्या मनात सलत राहील. शाळेच्या बाकावर सर्व पक्षांची, सर्व जातींची मुले शेजारी शेजारी बसतात. त्या बाकासमोर उभे राहणाऱ्याने त्यांपैकी कोणासही परके वाटू देता कामा नये. सेवेतील शिक्षकास उमेदवारी नाकारणाऱ्या नियमाचे खरे समर्थन येथे सापडते. तो नियम विद्यार्थ्याच्या रक्षणासाठी आहे, आणि त्या दृष्टीने पाहता तो शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

हा वाद आजचा नाही. पुण्यात तो १८९० च्या सुमारास पुरतेपणी होऊन गेला आहे. ज्या तरुणांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढिले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापिली, त्यांच्यापुढे प्रश्न असा आला की, सोसायटीच्या आजीव सदस्याने शाळा-कॉलेजाबाहेर दुसरे काम अंगावर घ्यावे की नाही. टिळकांचे मत होते की आजीव सदस्याचा सर्व वेळ आणि सर्व उद्योग संस्थेचाच असला पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९० मध्ये सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा ही ठिणगी भडकली, आणि त्याच वर्षी टिळक सोसायटीतून बाहेर पडले. वेतनाचा, बाहेरच्या प्राप्तीचा आणि स्वभावांचाही वाद त्यात होता. तथापि तत्त्वाचा भाग एवढा स्पष्ट होता. पुढे टिळक १८९५ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात निवडून गेले, पण शिक्षकी सोडल्यानंतर. गोखले १८९९ मध्ये गेले तेव्हा ते प्राध्यापक होते, आणि १९०२ मध्ये त्यांनी कॉलेजातून निवृत्ती घेतली. ज्या पुरुषाने पुढे सर्व देश हलविला, त्याने शिक्षकाने शिक्षकच राहावे असे म्हणावे, आणि ज्याचा स्वभाव अभ्यासकाचा होता त्याने दोन्ही कामे एकदम करावीत, हे आज चमत्कारिक वाटते. पण दोघांच्याही मनात एक गोष्ट निश्चित होती: या दोन कामांत ओढाताण आहे. ती नाहीच अशी स्वतःची समजूत दोघांपैकी कोणीही करून घेतली नाही.

गोखल्यांचे उदाहरण येथे थोड्या विस्ताराने पाहण्याजोगे आहे. कारण शिक्षकाचे पूर्ववृत्त आणि त्याच्या उमेदवारीचे कारण यांतील अंतर त्यात स्वच्छ दिसते. १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेला हा मुलगा थोरल्या भावाने पंधरा रुपयांच्या नोकरीतून पाठविलेल्या आठ रुपयांवर शिकला. पुढे न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक, फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय पडेल तो शिकविणारा. त्यांचे अंकगणित शाळाशाळांतून चालले. असे पूर्ववृत्त कोणत्याही उमेदवाराच्या पत्रकात शोभून दिसावे. परंतु या पूर्ववृत्ताचा उपयोग त्यांनी कसा केला ते पाहिले पाहिजे. १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात सरकारी अंदाजपत्रकावर ते बोलावयास उठले, तेव्हा सरकार शिल्लक दाखवीत होते. ती शिल्लक भरभराटीची खूण नसून दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण आहे, हे त्यांनी आकड्यांनी मांडून दाखविले. अंकगणिताच्या शिक्षकाचे पूर्ववृत्त तेथे कामास आले ते हत्यार म्हणून. गरिबीतून शिकलो, मुलांना शिकविले, म्हणून मला मान द्या, असे त्यांना म्हणावे लागले नाही.

आणि त्यांचे कारण? ते त्यांच्या १९१० च्या ठरावात आणि १९११ च्या विधेयकात आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांस आणि लोकल बोर्डांस द्यावा, तोही जेथे ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. ज्या बापाची महिन्याची प्राप्ती दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्या मुलास फी माफ असावी. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. इतकी सावध, इतकी हात राखून केलेली ही मागणी होती. १९१२ च्या मार्चमध्ये ती १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली. या विधेयकाचे काय झाले यापेक्षा ते मांडण्यास सभागृहातच का जावे लागले, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

उत्तम शिक्षक वर्गात बसलेल्या मुलास शिकवू शकतो. जे मूल वर्गात आलेच नाही, गुरामागे किंवा शेतात किंवा धाकट्या भावंडास कडेवर घेऊन घरीच राहिले, त्याच्यासाठी वर्गातील शिक्षकाची सारी विद्वत्ता आणि सारे प्रेम निरुपयोगी आहे. त्या मुलापर्यंत पोहोचावयास कायदा लागतो, कर लागतो, इमारत लागते. आणि या गोष्टी फळ्यासमोर उभे राहून होत नाहीत. शिक्षकाच्या कामाची सीमा जेथे संपते तेथून ज्या कामाची सुरुवात होते, त्या कामासाठी शिक्षक उभा राहिला तर तो आपला धर्म सोडीत नाही. तो धर्म जेवढा लांब नेता येईल तेवढा नेतो.

याच्या आधीचे उदाहरण जोतीराव फुल्यांचे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या काळी सभासद सरकार नेमीत असे, तेव्हा मत मागण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. पण आसनावर बसल्यावर काय करावयाचे, हे त्यांनी दाखवून दिले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्च करावेत असे ठरत असता, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. खर्च झालाच. पण शाळा काढणाऱ्या मनुष्यास शहराच्या तिजोरीपाशी कशासाठी बसावयाचे असते, हे त्या एका विरोधी मताने कायमचे सांगून ठेविले आहे.

उमेदवारीचे समर्थन येथवर झाले. परंतु सभागृहात गेले म्हणजे सर्व साधते असेही नाही. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९२१ मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. तथापि द्विदल राज्यपद्धतीत शिक्षणखाते मंत्र्याकडे आणि अर्थखाते राखीव, अशी वाटणी होती. योजना करावी आपण आणि पैसा मागावा दुसऱ्याकडे, अशी ती अवस्था. गोखल्यांनी १९१० मध्ये ज्याची मागणी केली तो हक्क २००२ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. मध्ये शंभर वर्षे गेली. वर्गातील शिक्षकास वर्षअखेर निकाल पाहावयाची सवय असते; सार्वजनिक कामात निकाल पाहावयास आपण असूच असे नाही. ज्यास हे मान्य नसेल त्याने वर्गातच राहणे बरे.

शिक्षकाने स्वतःविषयी आणखी एक गोष्ट ओळखली पाहिजे. त्याचा धंदा त्यास काही सवयी लावितो. वर्गात तो बोलतो आणि इतर ऐकतात. प्रश्नाचे उत्तर त्यास आधीच ठाऊक असते. चूक दाखविणे हे त्याचे काम असते आणि त्याची चूक दाखविणारा सहसा कोणी नसतो. नगरपालिकेच्या बैठकीत या तिन्ही गोष्टी उलट होतात. गटार आधी की शाळेची खोली आधी, पाणीपट्टी वाढवावी की दिवे कमी करावेत, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेली नसतात. आणि भाजीवाली, कंत्राटी मजूर, रिक्षावाला यांस त्यांविषयी गुरुजींपेक्षा अधिक कळत असण्याचा संभव असतो. ज्या शिक्षकास विरुद्ध बोलणे ऐकून घेता येत नाही, तो कितीही निर्मळ असला तरी सभागृहाचा वर्ग करून टाकील, आणि मग रुसून घरी येईल.

आपल्या भाषेत 'उमेदवार' हा शब्द फारसीतून आला. आशा धरून बसलेला, असा त्याचा अर्थ. मते मागणाऱ्यास तो लागण्यापूर्वी आपल्याकडे तो कचेरीत बिनपगारी राहून काम शिकणाऱ्या होतकरू तरुणास लागत असे. 'उमेदवारी करणे' म्हणजे हाताखाली राहून काम शिकणे. मला वाटते, शिक्षकाने निवडणुकीचा अर्ज भरताना हा जुना अर्थ ध्यानात ठेवावा. तीस वर्षे शिकविल्यानंतर पुन्हा शिकाऊ होण्याची ज्याची तयारी आहे, त्यासच ती उमेदवारी शोभेल.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळतो. शिक्षक उभा राहिला म्हणजे त्याच्या वतीने सर्वांत अधिक ऐकू येणारे वाक्य असे असते: "गुरुजींनी आपल्या दोन पिढ्या घडविल्या; आता ऋण फेडण्याची वेळ आली." हे वाक्य ऐकून पुष्कळांचे डोळे पाणावतात. माझ्या मते ते शिक्षकासही कमीपणा आणणारे आहे आणि मतदारासही. मत हे कोणाचे देणे फेडण्याचे नाणे नव्हे. ते उद्याच्या कारभाराविषयी मतदाराने दिलेले उत्तर आहे, आणि त्यावर त्याच्या शेजाऱ्याचा, ज्यास या गुरुजींनी कधी शिकविले नाही त्याचाही, तितकाच हक्क आहे. माझे ऋण मी माझ्या पैशाने, माझ्या कष्टाने, माझ्या नम्रतेने फेडावे. गावाच्या कारभाराने फेडू नये.

आपल्या पुराणकथांनी हा भेद ओळखला होता. द्रोणाने एकलव्याकडे अंगठा मागितला, ती गुरुदक्षिणा होती यात शंका नाही, आणि शिष्याने ती दिलीही. पण ती कथा ऐकताना आपला आदर शिष्याकडे जातो, गुरुकडे जात नाही. ज्यास शिकविले नव्हते त्याच्याकडूनही गुरुपणाच्या नावावर मागून घेतले, हे ऐकणाऱ्यास खटकते. त्याच द्रोणाची दुसरी कथा आपल्या प्रश्नास अधिक लागू आहे. भर सभेत द्रौपदीची विटंबना होत असता हा आचार्य तेथे बसलेला होता, आणि ज्या घराण्याला त्याने धनुर्विद्या शिकविली त्या घराण्यातील एकासही तो आवरू शकला नाही. सभेत जाणे हा त्याचा दोष नव्हता. ज्यांच्या अन्नावर तो तेथे बसला होता त्यांच्यापुढे त्याची वाणी बंद झाली होती, हा दोष होता. आजच्या शिक्षक-उमेदवारासही तिकीट कोणी दिले, प्रचाराचा खर्च कोणी केला, हे प्रश्न याच कारणाने विचारावे लागतात. स्वच्छ मनुष्यास पुढे करून त्याच्या मागे कोण उभे आहे, हे पाहिल्यावाचून त्याच्या स्वच्छतेवर विसंबणे धोक्याचे आहे.

येथेच एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. 'शिक्षणक्षेत्रातील व्यक्ती' या नावाखाली आज दोन अगदी भिन्न माणसे उभी राहतात. एक जो शिकवितो तो, आणि दुसरा जो शिक्षणसंस्था चालवितो तो. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली, आणि 'शिक्षणमहर्षी' ही पदवी लोकांनी अर्धी कौतुकाने व अर्धी थट्टेने वापरावयास सुरुवात केली. संस्था काढणाऱ्यांत लोकोपयोगी काम केलेली माणसे निःसंशय आहेत. परंतु ज्याच्या हाती शेकडो नेमणुका आणि हजारो प्रवेश आहेत, त्याची उमेदवारी आणि ज्याच्या हाती केवळ खडू आहे त्याची उमेदवारी, या गोष्टी एका तराजूत घालू नयेत. दुःखाची गोष्ट अशी की, नियमाप्रमाणे राजीनामा द्यावा लागतो तो सरकारी शाळेतल्या खडूवाल्यास. संसार पगारावर चालणाऱ्या शिक्षकाने मुलीचे लग्न, घराचे कर्ज, म्हातारी आई यांचा हिशोब करूनच अर्जावर सही करावयाची असते. म्हणून नियम योग्य असला तरी त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही, हेही सांगितले पाहिजे.

हा हिशोब घरातच व्हावयाचा असल्यामुळे घरानेही आपले मन तपासावे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्यसंस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, आणि शिकलेली, बोलावयास न भिणारी, गावास परिचित अशी स्त्री शोधू लागले की बोट पुष्कळदा एखाद्या शिक्षिकेकडे जाते. ती उभी राहिली तर कोणाच्या कारणासाठी? तिच्या शाळेतील मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, पाचवीनंतर दुसऱ्या गावी जावयास एस. टी. नाही म्हणून मुली घरी बसतात, हे तिला रोज दिसते आणि त्यासाठी ती जाऊ इच्छिते, तर घराने तिच्या वाटणीचा स्वयंपाक आनंदाने करावा. जागा राखीव झाली म्हणून पतीच्या अगर दिराच्या ऐवजी तिचे नाव घालावयाचे असेल, तर एका चांगल्या शिक्षिकेस वर्गातून उठविण्याचे पाप त्या घराने करू नये.

सॉक्रेटिसाविषयी प्लेटोने जे लिहून ठेविले आहे, त्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आढळतात. न्यायासाठी झगडणाऱ्याने सार्वजनिक अधिकारापासून दूर राहिल्याशिवाय तो फार काळ टिकणार नाही, असे तो न्यायसभेपुढे म्हणतो. पण तोच सॉक्रेटिस, अथेन्सच्या मंडळात बसण्याची पाळी आली तेव्हा, सेनापतींचा एकत्र निवाडा करण्याच्या बेकायदा ठरावास एकटा आडवा गेला होता, हेही तेथेच सांगतो. 'रिपब्लिक' ग्रंथात प्लेटोने त्याच्या मुखी आणखी एक विचार घातला आहे: चांगली माणसे राज्य करण्यास तयार होतात ती मोठेपणाच्या लोभाने नव्हे, आपण नाही म्हटले तर आपल्याहून वाईटाच्या हाताखाली राहावे लागेल, या भीतीने. हा विचार खरा असला तरी मला अपुरा वाटतो. 'दुसरे वाईट आहेत' एवढ्याने मनुष्य तेथे जाऊ शकेल, पण तेथे गेल्यावर सकाळी उठून काय करावे हे त्यास त्यातून कळणार नाही. चांगुलपणा हा कारभाराचा कार्यक्रम होऊ शकत नाही. शाळेच्या गळक्या छपरास चांगल्या माणसाची दृष्टी पुरत नाही. अंदाजपत्रकात रक्कम धरावी लागते.

तेव्हा माझा निर्णय असा आहे. शिक्षकाने उभे राहावे. पण आपले पूर्ववृत्त हेच कारण म्हणून पुढे करू नये. जे काम वर्गात राहून होण्यासारखे नाही असे एखादे काम त्याने नाव घेऊन सांगावे. ते कारण असे असावे की, भरल्या वर्गात, विरुद्ध पक्षाच्या घरातील मुले समोर बसली असता, ते सांगताना त्याची मान खाली जाऊ नये. आणि पराभव झाला तर लोकांना कृतघ्न न म्हणता पुन्हा शिकवावयास बसण्याची त्याची तयारी असावी. राजीनाम्यामुळे शाळेचे दार बंद झाले असेल तर घराच्या ओटीवर, पण त्याच मुलांपुढे, त्याच मायेने. जो असा परत येऊ शकतो, त्याने जाताना काही गमावले नव्हते.

मतदाराचे, विशेषतः जुन्या विद्यार्थ्याचे, कर्तव्यही यातूनच निघते. गुरुजी दाराशी आले तर त्यांना आत बोलवावे, बसावयास द्यावे, वाकून नमस्कार करावा. तो नमस्कार त्यांचा आहे आणि निवडणुकीशी त्याचा काही संबंध नाही. मग विचारावे, "गुरुजी, तेथे जाऊन आपण नेमके काय करणार? पैसा कोठून आणणार? आणि आपणास उभे करणाऱ्यांनी त्याला नको म्हटले तर काय कराल?" हा प्रश्न ऐकून ज्या शिक्षकास राग येईल, त्याने निदान या एका विद्यार्थ्यास नीट शिकविले होते हे त्याच्या ध्यानात आले नाही असे समजावे. आणि ज्यास तो प्रश्न ऐकून बरे वाटेल, खुर्ची पुढे ओढून जो त्याचे उत्तर देऊ लागेल, त्यास मत द्यावयाचे की नाही हे त्या उत्तरावरून ठरवावे.